घर ते फलाट

सांगली, रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. स्टेशनवर उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं, बाबा स्कूटर घेऊन उभे होते. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, "आई, मीटिंग आहे" म्हणतेस, म्हणून कागद काढला.

कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसले, खिडकी मिळाली. थोड्या वेळानं बदलापूर आलं. आपली गाडी तिथं थांबत नाही, पण शेजारच्या फलाटाला नुकतीच एक लोकल लागली होती आणि आमची गाडी हळू झाली होती, त्यामुळे सगळं नीट दिसलं. जिन्यावर माणसांचा चिकट गोळा झाला होता. बायका पर्स पोटाशी धरून एकेक पायरी चढत होत्या. रात्रीचे पावणेदहा झाले असतील. या जिन्यानंतर त्यांना रिक्षाची रांग असणार, हे आपण दुपारीच बघून आलो होतो.

त्या दुपारचंच लिहायचं आहे. बदलापूरचा तो फ्लॅट मला आवडला, खोटं कशाला बोलू. गॅलरीतून डोंगर दिसतो, स्वयंपाकघरात वारा येतो, आणि मुलुंडच्या त्या पीजीत तू एका कपाटात संसार मांडला आहेस ते मी बघितलंय. पण एजंट आपल्याला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला. "स्टेशन फक्त १० मिनिटं." मी घड्याळ बघत होते, १४ मिनिटं लागली. तीही शनिवारी दुपारी तीन वाजता, रस्ता मोकळा असताना, कुणाचीही वाट न बघता.

तू म्हणशील, आईला चार मिनिटांचं काय एवढं. तर ऐक. मी २२ वर्षं भिलवडीच्या शाळेत शिकवलं. सांगलीहून सकाळची पॅसेंजर. माधवनगर, नांद्रे, की आलंच भिलवडी. अर्धा तासही लागत नसे. लोक म्हणायचे, बाईंची नोकरी किती जवळ! पण भिलवडी स्टेशन एकीकडे आणि भिलवडी गाव दुसरीकडे, नदीकाठाला. स्टेशनवर चितळेंची डेअरी, चार टपऱ्या आणि वडाप, म्हणजे शेअरची जीप. वडाप भरल्याशिवाय हलत नाही. आठ माणसांच्या जीपमध्ये चौदा बसली की ड्रायव्हर बिडी टाकणार. कधी पाच मिनिटांत भरायचं, कधी अर्धा तास. गाडी चुकली म्हणून मला क्वचितच उशीर झाला. लेटमार्क लागले ते सगळे त्या जीपपायी. निवृत्तीनंतर आता रेल्वे फारशी आठवतच नाही, वडाप मात्र स्वप्नात येतं.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. सातारा स्टेशनवर पहिल्यांदा उतरलेला माणूस विचारतो, सातारा कुठाय? स्टेशन माहुलीला, शहर कित्येक किलोमीटर लांब. आणि सातारा रोड म्हणून वेगळं स्टेशन आहे, तिथं चुकून उतरलात तर तुमचं नशीब. बिल्डरच्या पाटीवर "स्टेशनजवळ" लिहिलेलं असतं, तेव्हा ते बहुतेक स्टेशनच्या नावाजवळ असतं.

आता हिशेब. सकाळी रिक्षाची रांग धरून २५ मिनिटं आणि संध्याकाळी तेवढीच धर. रोजची ५० मिनिटं झाली. महिन्याचे कामाचे २५ दिवस धरले तर जवळजवळ २१ तास. म्हणजे दर महिन्याला जवळपास एक अख्खा दिवस, झोपेसकट, त्या रिक्षात. शिवाय पैसे. लोकलचा पास फार स्वस्त पडतो, सेकंड क्लासचा महिन्याचा पास साधारण १५ एकेरी तिकिटांच्या भावात येतो आणि तू तर ५० फेऱ्या मारणार. तिमाही काढलास तर तीन महिने २.७ महिन्यांच्या पैशांत. त्यामुळे रुळावर लांब राहायला गेलीस तरी खिशाला तेवढं लागत नाही. पण शेअर रिक्षाला पास नसतो. पावसात तो मागेल ते द्यावं लागतं. म्हणून मी म्हणते, रुळावर दोन स्टेशनं पुढं जा, पण स्टेशनपासून दोन किलोमीटर आत जाऊ नकोस.

आणि तुझं ऑफिस विक्रोळीला. मावशीनं सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, तुला कसं सुचलं नाही कुणास ठाऊक. विक्रोळीला फास्ट लोकल थांबत नाही. बदलापूरहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या फास्ट. म्हणजे ठाण्याला उतरायचं, पूल चढायचा, स्लो पकडायची. संध्याकाळी तेच उलटं, आणि ठाण्याला बदलापूर लोकलमध्ये शिरायचं म्हणजे काय असतं ते तू मला परवा दाखवलंसच. माझी पिशवी आत गेली आणि मी बाहेर! २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडली आणि गेली, ते मी विसरलेली नाही. तू दारात उभी राहत नाहीस म्हणतेस. राहत नसशील. पण गर्दी माणसाला विचारून दाराशी नेत नाही.

मावशीचं म्हणणं, डोंबिवलीत बघा. डोंबिवलीहून सुटणाऱ्या स्लो गाड्या आहेत. सुटणारी गाडी म्हणजे जरा आधी गेलं तर बसायला मिळतं, आणि ती विक्रोळीला थेट उतरवते. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. तेवढ्या वीस किलोमीटरसाठी घरभाडं जास्त आहे, मान्य. हॉल लहान मिळेल, डोंगर दिसणार नाही. समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतील. दिसू देत. आणि बदलापूरच घ्यायचं ठरलं तर तेही मला चालेल, फक्त चालत पोचता येईल असं. तिथंही सुटणाऱ्या लोकल आहेत.

किमतीचं एक सांगायचं राहिलं. बदलापूरच्या त्या फ्लॅटचा भाव शेजारच्या इमारतींपेक्षा एवढा कमी का, हे आपण दोघींनीही विचारलं नाही. मला तरी सुचायला हवं होतं. कर्नाळ रस्त्याच्या बाजूचं आपलं जुनं घर आम्ही का घेतलं माहीत आहे? स्वस्त होतं म्हणून. शेजारी कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. २००५ ला पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, तेव्हा बाबा म्हणाले, असा पूर पुन्हा येत नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. तुझी दहावीची वह्या-पुस्तकं, माझी शिलाई मशीन, सगळं गेलं. विश्रामबागेत भाड्यानं आलो ते अजून इथंच आहोत.

त्याच पावसाळ्यात, २७ जुलैला, मी ज्या गाडीनं आले तीच महालक्ष्मी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली होती. हजारावर माणसं होडीतून बाहेर काढली. एजंट आपल्याला काय म्हणाला आठवतं? "नदी जवळ आहे, मोकळी हवा." मी तेव्हा मान डोलावली! आपण सांगलीची माणसं, नदी जवळ म्हटल्यावर आपले कान उभे राहायला हवे होते. पूररेषेचा नकाशा असतो, निळी रेषा, लाल रेषा. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत जाऊन विचार. आणि खालच्या किराणा दुकानदाराला विचार, तो नकाशापेक्षा खरं सांगेल: रस्त्यावर पाणी कुठवर येतं, किती तास राहतं, टँकर किती वेळा येतो. बारवी धरण उशाशी आहे म्हणून नळाला पाणी असेलच असं नाही.

घर विकत घ्यायची घाई तर अजिबात नको. रेराचा, म्हणजे सरकारी नोंदणीचा, नंबर आहे म्हणून बाबा खूश झाले होते. डोंबिवलीच्या त्या ६५ इमारतींचेही रेराचे नंबर होते, परवानग्या खोट्या निघाल्या. आधी ११ महिन्यांचा करार करून भाड्यानं राहा, एक पावसाळा त्या रस्त्यानं चाल. आणि मेट्रो येणार, नवीन रूळ पडणार म्हणून आज जास्त पैसे मोजू नकोस. पुणे-मिरज दुहेरीकरणाचं आपण किती वर्षं ऐकतोय ते तुला माहीत आहे.

बाबा म्हणतात, तू तिला घाबरवतेस. मी घाबरवत नाही. पुढच्या शनिवारी रात्री निघते, मावशीकडे उतरते. सोमवारी तू अर्धी रजा टाक. सकाळी सातला आपण त्या फ्लॅटच्या दारात उभ्या राहू आणि तिथून स्टेशनला चालत जाऊ, एजंटाला न सांगता. मग डोंबिवलीत मावशीच्या ओळखीचं एक घर आहे, पूर्वेला, तिथूनही तसंच. घड्याळ मी बघीन.

बेदाणे आणि मेतकूट आणते आहे. छत्री मोठी घे, तुझ्या त्या घडीच्या छत्रीत एकच खांदा मावतो. आणि चालायचे बूट घाल, सँडल नको.

तुझी,
आई