उन्हाळ्यात ट्रॉलीच्या टायरची हवा सोडू नका

संपादक महोदय,

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हापासून मोटारींच्या टायरबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. कापूस, तूर, शेणखत, लग्नाचे वऱ्हाड, आमचे सगळे तिच्यावरच चालते.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. भाव वाढेल या आशेने घरात ठेवलेला २६ क्विंटल कापूस भरून आम्ही वडनेरकडून हिंगणघाटच्या बाजाराकडे निघालो. ट्रॉली दोनचाकी. वर कापसावर पुतण्या बसलेला. त्याला तिथे बसू द्यायला नको होते. हायवेला लागून थोडे अंतर गेलो असू, डाव्या बाजूने सुरुंग उडाल्यासारखा आवाज झाला आणि ट्रॉली त्या अंगावर कलंडली. पुतण्याचे मनगट मोडले. त्या घडीला मागून ट्रक नव्हता, नाहीतर आज हे पत्र लिहायची हिंमत झाली नसती.

आदल्या आठवड्यात हवा मीच सोडली होती. आमच्याकडे घरोघरी हेच ऐकायला मिळते, "उन्हायात हवा कमीच ठेवा लागते, नाही त टायर फुटते." माझे वडीलही तसेच करायचे.

पंक्चरवाल्याने फुटलेला टायर उकलला आणि आतून मूठभर काळा भुगा काढून माझ्या हातावर ठेवला. "भाऊ, हवा जास्त झाली म्हणून नाही फुटला हा. कमी होती म्हणून फुटला." मग त्याने समजावून सांगितले. हवा कमी असली की वजनाखाली टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, उठते. त्या दबण्या-उठण्यानेच रबर आतून तापते, दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटतात, रबराचा भुगा होतो. वरून डांबराची आच. चालताना हवा तापून थोडी वाढते हे खरे, पण कंपनीने ते धरूनच आकडा छापलेला असतो. उजव्या टायरला हवा मोजायचा गेज लावला, तर बाजूवर लिहिलेल्याच्या निम्मीही हवा निघाली नाही. मी इतकी वर्षे टायरला लाथ मारून हवा तपासत होतो.

त्याच टायरवर त्याने चार आकडे दाखवले, २३११. म्हणजे २०११ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी चांगली होती, म्हणून मी सेकंडहँड घेतला होता. बाजूला केसासारख्या बारीक भेगा होत्या, त्यांच्याकडे लक्षच गेले नाही. ट्रॉली वर्षातले कितीतरी महिने अंगणात उन्हात उभी राहते, रबर तिथेच वाळते. आणखी एक. काही जण ट्रॉलीला 'एडीव्ही' लिहिलेला टायर लावतात. तो बैलगाडीसाठी बनवलेला असतो. बैलाच्या चालीचा टायर ट्रॅक्टरमागे हायवेवर पळवायचा नसतो.

आता मी सकाळी, ट्रॉली चालवायच्या आधी, टायर थंड असताना गेज लावतो आणि बाजूवरच्या आकड्याइतकी हवा भरूनच माल चढवतो. दुपारी टायर गरम लागला तरी हवा सोडत नाही, सावलीत थांबतो. पाऊस लागला की ट्रॉलीखाली लाकडी ओंडके देऊन चाके उचलून ठेवतो, टायरवर पोते टाकतो.

बाजार समित्यांना आणि जिनिंगवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. काट्यावर प्रत्येक ट्रॉलीचे वजन होतेच. त्या काट्याशेजारी हवेची मशीन, एक चांगला गेज आणि तो वापरता येणारा माणूस ठेवा. गावातल्या पंक्चरच्या दुकानांत गेज असला तरी बहुतेक ठिकाणी बिघडलेला असतो. रिकामी ट्रॉली घेऊन परतणारा शेतकरी तिथे दोन मिनिटे थांबेल. पुढचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होईल, त्याआधी एवढे व्हावे.

एक कापूस उत्पादक शेतकरी,
वडनेर परिसर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा