बाथरूमला वॉलपेपर दिवाळीनंतर लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की सगळ्याच वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत घर सजवण्याचे सल्ले सुरू होतात. हल्ली त्यांत ‘एका रविवारी स्वतःच्या हाताने बाथरूमचा कायापालट’ हा एक असतोच, आणि त्यातला हुकमी उपाय म्हणजे वॉलपेपर. सोबतच्या फोटोतले बाथरूम परदेशी असते. टब, पडदा आणि खडखडीत कोरडी फरशी. आपल्याकडे बादली, मग, जेटची नळी आणि रोज फरशीवर ओतले जाणारे पाणी. तरीही बाथरूमला वॉलपेपर लावूच नये असे माझे म्हणणे नाही. भिंत कोणती आणि महिना कोणता, एवढे दोन प्रश्न हे सल्ले विचारत नाहीत, आणि पेपर सुटतो तो बहुतेक वेळा त्यामुळेच. दोष मात्र खळीला, म्हणजे पेपर चिकटवायच्या लेपाला, दिला जातो.

आधी महिना. चार महिने पाऊस झोडपलेली बाहेरची भिंत वरून कोरडी दिसली तरी आत ओली असते. मुंबईत आणि कोकणात तर ऑक्टोबरच्या उन्हातही ती हळूहळूच सुकते. नेमक्या त्याच वेळी, दिवाळीच्या आधी, आपण तिच्यावर विनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा, थर चिकटवतो. विनाइलमधून वाफ जात नाही, त्यामुळे भिंतीतली ओल पेपरच्या मागे कोंडते. आधी कुबट वास, मग सांध्याशी काळे ठिपके, मग कड उचलली जाते. हे काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत करावे. पाहुण्यांना जुनाच रंग दिसला तर दिसू द्या.

भिंत ओली आहे की नाही हे हात लावून कळत नाही. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक घ्यावे, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावे आणि दोन दिवस तसेच ठेवावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर भिंत ठीक, पण बाथरूमची हवा कोंडलेली आहे, म्हणजे आधी एक्झॉस्ट फॅन. भिंतीवर पांढरा, पिठासारखा लोणा फुटलेला असेल तर प्लास्टिकचीही गरज नाही. तिथे वॉलपेपर लावायचाच नाही, पाणी कुठून झिरपते ते शोधायचे. वरच्या मजल्याचा नहाणी ट्रॅप (फरशीतले पाणी जाण्याचे तोंड), भिंतीतला पाइप, बाहेरच्या प्लास्टरची भेग यांपैकी काहीतरी निघते.

आता जागा. शॉवरखालची आणि नळाजवळची भिंत सोडून द्यावी, तिथे टाइलच हवी. कमोडच्या बाजूला जेटचे शिंतोडे उडतात, म्हणून तिथेही किमान चार फूट टाइल राहू द्यावी. गीझरच्या मागेही पेपर नको, व्हॉल्व्हमधून कधी पाणी टपकेल सांगता येत नाही. उरते ती बेसिनची भिंत, तिच्या बाजूच्या भिंती आणि टाइलच्या वरचा पट्टा. काही जण खिडकीच्या काचपट्ट्या नक्षीचा शीट चिकटवून बंद करतात. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर हा शुद्ध जिवाशी खेळ आहे. हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

माल घेताना नॉन-वोव्हन (न विणलेल्या, कापडासारख्या) पाठीचा, वरून विनाइलचा हात दिलेला आणि पुसता येणारा पेपर घ्यावा. तो ओला झाल्यावर फुगत नाही आणि खळ थेट भिंतीला लावता येते, नवशिक्याला हेच सोपे. नुसता कागदी पेपर बाथरूमसाठी विसरून जावा. मागे गोंद असलेल्या शीटबद्दल पुढे लिहितो.

किती रोल लागतील हे चौरस फुटांवर काढू नये. दुकानात तसेच काढतात आणि माल कमी पडतो. आपल्याकडचा नेहमीचा रोल 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब, म्हणजे साधारण 57 चौरस फुटांचा. समजा बेसिनची भिंत 5 फूट, दोन्ही बाजूंच्या साडेतीन-साडेतीन फूट, एकूण 12 फूट, आणि फॉल्स सीलिंगपर्यंत उंची साडेसात फूट. क्षेत्रफळ 90 चौरस फूट. दोन रोल पुरतील असे वाटते. आता पट्टे मोजा. 144 इंचांना 21 ने भागले की सात उभे पट्टे. उंची 90 इंच, वरखाली कापायला 4 इंच धरून 94. पेपर सरळ रेघांचा किंवा एकरंगी असेल तर एका रोलमधून चार पट्टे निघतात, दोन रोल पुरतात. पण नक्षी दर 21 इंचांनी परत येत असेल तर ती जुळवायला प्रत्येक पट्टा 105 इंचांचा कापावा लागतो. मग रोलमधून तीनच पट्टे, म्हणजे रोल तीन. सगळ्या रोलवरचा बॅच नंबर एकच आहे ना, हे दुकानातच बघावे. नंतर आणलेल्या रोलची छटा किंचित वेगळी निघते आणि ती नेमकी आरशाशेजारी उठून दिसते.

खरे काम भिंतीचे. त्यालाच चार-पाच दिवस जातात, पेपर लावायला एक दिवस पुरतो. जुन्या रंगावर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी. रंग सोबत आला तर तेवढा भाग पत्र्याने खरवडून काढावा. तळव्याला पांढरी पूड लागत असेल तर तो चुना किंवा डिस्टेंपर आहे. तो ओला करून पूर्ण उतरवावा, नाहीतर खळीच्या पाण्याने तो सुटतो आणि पेपर त्याच्यासकट पोपड्यासारखा खाली येतो. ऑइल पेंटची चकाकी 120 नंबरच्या पॉलिश पेपरने मारावी. खड्डे व्हाइट सिमेंटच्या पुट्टीने भरावेत. पीओपी बाथरूममध्ये वापरू नये, ते पाणी पिते. पुट्टी वाळल्यावर घासून धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि मग प्रायमरचा एक हात द्यावा. कच्ची पुट्टी खळीतले पाणी शोषून घेते आणि पट्टा जागेवर सरकवायला वेळच मिळत नाही. शिवाय प्रायमर असला की पुढे पेपर काढताना पुट्टीचे पापुद्रे निघत नाहीत. नवीन प्लास्टर असेल तर पाणी मारणे थांबल्यावर महिनाभर तरी थांबावे.

खळ बुरशीरोधक असलेलीच घ्यावी. मैद्याची घरगुती खळ म्हणजे बुरशीला जेवणाचे आमंत्रण. पावडर असेल तर पाकिटावर लिहिले आहे तेवढे थंड पाणी आधी बादलीत घ्यावे, ते ढवळत त्यात पावडर सोडावी आणि पंधरा मिनिटे मुरू द्यावी. उलट केले की गुठळ्या होतात आणि पेपर वाळल्यावर एकेक गुठळी मोहरीएवढी उठून दिसते. काही कारागीर खळीत फेविकॉल मिसळतात. पकड वाढते हे खरे, पण पाच वर्षांनी पेपर काढताना पुट्टीही सोबत निघते.

आपल्या भिंती क्वचितच ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभ्या, असतात. म्हणून पहिला पट्टा कोपऱ्याच्या कडेला धरून कधीच लावू नये. कोपऱ्यापासून साडेवीस इंचांवर ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडून पेन्सिलने उभी रेघ मारावी आणि पट्ट्याची कड त्या रेघेला जुळवावी. उरलेला अर्धा इंच शेजारच्या भिंतीवर वळतो. खळ भिंतीला, पट्ट्यापेक्षा दोन बोटे जास्त रुंद, एका वेळी एकाच पट्ट्यापुरती लावावी. वर दोन इंच जास्त सोडून पेपर टेकवावा आणि मधून कडांकडे प्लास्टिकच्या पट्टीने हवा काढत खाली यावे. सांधा सांध्याला नुसता भिडवावा, ओढून नाही. ओढलेला सांधा वाळताना मागे सरतो आणि मध्ये पांढरी फट दिसते. छोटा रोलर दहा-पंधरा मिनिटांनी हलकेच फिरवावा, उठावाची नक्षी असेल तर फिरवूच नये. आतल्या कोपऱ्यात अखंड पट्टा वळवण्याचा मोह होतो, तो आवरावा. अर्धा इंच पलीकडे जाईल असा कापून उरलेला तुकडा पुन्हा ओळंब्याने लावावा. तिथे विनाइलवर विनाइल येते आणि साध्या खळीने ते चिकटत नाही, त्यासाठी वेगळा गोंद मिळतो. कटरचे पाते दर दोन-तीन कापांनी मोडून नवे करावे. बोथट पाते ओला पेपर कापत नाही, फाडते.

स्विचबोर्डाशी आल्यावर एमसीबी बंद करावा, टेस्टरने खात्री करावी आणि प्लेट काढावी. पेपर बोर्डावरून खाली नेऊन कोपऱ्यांकडे तिरक्या चिरा द्याव्यात आणि पाव इंच कड प्लेटखाली जाईल एवढा ठेवून बाकीचा कापावा. चकाकत्या धातूच्या फॉइलचा पेपर मात्र प्लेटखाली अजिबात घालू नये.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते खालच्या कडेकडे. बेसिनच्या कट्ट्याला किंवा टाइलला पेपर टेकवू नये. तीन-चार मिलिमीटर वर संपवावा आणि ती फट बुरशीरोधक सिलिकॉनने भरावी. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेले हवे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन संगमरवरावर डाग पाडते आणि आरशाची पाठ खाते. सिलिकॉन दोन दिवसांनी, खळ वाळल्यावरच भरावे. तोपर्यंत गरम पाण्याची आंघोळ नको, आणि पंखा लावून घाईने वाळवणेही नको.

मागे गोंद असलेली शीट भाड्याच्या घरात बरी वाटते. ती गुळगुळीत टाइलवरच आणि कोरड्या भागातच लावावी. आधी साबणाचा थर आणि बोअरच्या पाण्याचे क्षार काढावेत, एक दिवस सुकू द्यावे. टाइलमधल्या खाचा भरल्या नाहीत तर आठवडाभरात त्या शीटवर उमटतात. घर सोडताना हेअर ड्रायरची ऊब देत कोपऱ्यातून सावकाश सोलावी, मागे राहिलेला चिकटा निलगिरीच्या तेलाने निघतो. रंगाच्या भिंतीवर लावलेली शीट मात्र रंग घेऊनच निघते, म्हणजे डिपॉझिटमधून कापले जाणार.

पेपर वाळल्यावर राहिलेला फुगा पात्याच्या टोकाने बारीक चिरावा, औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने आत खळ सोडावी आणि ओल्या स्पंजने दाबावे. सुटलेल्या सांध्यालाही हेच. मात्र एकच सांधा महिन्याभरात तिसऱ्यांदा सुटला, तर सिरिंज ठेवून द्यावी आणि प्लंबरला बोलवावे.

आपला,
रंगकामातला एक वाचक