आदल्या रात्रीची खोली

चि. मृदू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, त्यानंतर बाबा बराच वेळ आपल्या क्रूझच्या खर्चाचा तुझा तो तक्ता बघत बसले होते. मी त्याची प्रत छापून घेतली आहे, आत्ता समोरच आहे. विमान, केबिन, बंदराचे कर, माणशी रोजची टिप, प्रत्येक बंदरावरून शहरात जायचं भाडं, अगदी मुलांच्या आइस्क्रीमलाही वेगळा रकाना. इतका बारीक हिशेब आपल्या घरात आजवर कुणी केला नव्हता, नानांनीसुद्धा नाही. फक्त जहाजात चढायच्या आदल्या रात्रीची, बार्सिलोनाच्या हॉटेलची ओळ तू लाल करून खोडली आहेस. मी त्यावर बोलले, तर म्हणालीस, "आई, तुला यायचंच नसेल तर सरळ सांग." मला यायचंय गं. म्हणूनच बोलले.

विमान सकाळी उतरणार, जहाज संध्याकाळी सहाला सुटणार, मधे भरपूर वेळ आहे, हे तुझं म्हणणं. पण सहा म्हणजे सहा नव्हे. प्रवाशांची यादी पक्की करायची असते, म्हणून चेक-इन तास-दीड तास आधीच बंद होतं. शिवाय आपलं विमान थेट नाही. पहिलं लेट झालं की दुसरं गेलं, किंवा आपण पोचलो आणि बॅगा मागेच राहिल्या. विमान हुकलं तर पुढचं मिळतं. जहाज हुकलं तर आपल्या खर्चाने पुढच्या बंदरावर, मार्सेयला, जाऊन ते गाठायचं, सहाजणांनी, दोन मुलं आणि बाबांना घेऊन. हॉटेलची एक रात्र वाचवून तू किती वाचवतेस आणि त्यात किती जाईल, हे तुला मी सांगायला नको.

बाकी सगळं तू नीट केलं आहेस, ते आधी लिहायला हवं होतं. चौघांनी एकाच केबिनमध्ये राहायचं, कारण तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी पडतं, हे मला माहीतच नव्हतं. पेयांचं पॅकेज घेतलं नाहीस तेही बरं. बऱ्याच कंपन्या केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यायला लावतात. फोन एअरप्लेन मोडवर ठेवायचा हेही तू तक्त्याखाली लिहिलंस, नाहीतर भर समुद्रात तो जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला लागून भलतंच बिल येतं. शाळेची सुट्टी सोडून मे किंवा ऑक्टोबरमध्ये गेलो असतो तर स्वस्त पडलं असतं, पण मुलांशिवाय जाण्यात काय अर्थ.

एक मात्र पुन्हा तपास. वाटेतलं ट्युनिस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, येत नाही. तिथे गेलो म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडलो, परत येताना पुन्हा प्रवेश. व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला तर घोटाळा होईल. अर्जात अनेक प्रवेशांचाच माग आणि जहाजाचा पूर्ण मार्ग सोबत जोड. विम्याची ओळ खोडू नकोस. जहाजावरच्या डॉक्टरचे पैसे वेगळे पडतात, आणि समुद्रातून माणसाला हलवायची वेळ आली तर तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही. बाबांच्या दोन स्टेंट फॉर्ममध्ये लिही. लपवल्या तर विमा असून नसल्यासारखा.

पुन्हा शिकवणी सुरू झाली. परदेशात एकटीने नोकरी केलेल्या मुलीला मी व्हिसा शिकवते आहे. राग मानू नकोस.

पण रोमचं बोलू दे. जहाज रोमला लागत नाही, चिवितावेक्कियाला लागतं, तिथून रोम सुमारे 70 किलोमीटर. जहाजवाल्यांनी शहरात नेलेली सहल महाग म्हणून आपण ट्रेनने जाऊ म्हणालीस. जाऊ. पण जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, आपली ट्रेन अडकली तर थांबत नाही. तेव्हा शेवटची नाही, तिच्या आधीच्या दोन ट्रेन सोडून जी असेल ती धरायची, मग कोलोसियम अर्धं बघून झालेलं का असेना. आणि ट्युनिसचं घड्याळ उन्हाळ्यात इटलीपेक्षा तासभर मागे असतं. जहाजाने आपली वेळ बदलली नाही आणि फोनने स्वतःची बदलली, तर आपल्याला वाटेल अजून तास आहे. म्हणून बाबांनी हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावायचं आणि सगळ्यांनी फक्त तेच बघायचं, असं आमचं ठरलं आहे.

तुला आठवत नसेल, तू चार-पाच वर्षांची होतीस. रात्रीची बस कुठेतरी थांबली आणि बाबा पाणी भरायला उतरले. दादा माझ्या मांडीवर झोपला होता. बस सुटली. मी उठेपर्यंत तू सीटवर उभी राहून ओरडलीस, "बाबा राहिले, बाबा राहिले!" असं ओरडलीस की सगळी बस जागी झाली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मागून बाबा धावत आले, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात तिचं झाकण, आणि पाणी निम्मं सदऱ्यावर. तू त्यांच्या गळ्याला जी मिठी घातलीस ती उतरेपर्यंत सोडली नाहीस. पुढे कितीतरी दिवस घरातून बाहेर पडताना तू आम्हाला मोजायचीस, एक, दोन, तीन, आणि मग स्वतःला.

बाबा आता धावू शकत नाहीत, मृदू. जिना चढतानाही मधे थांबतात, आणि थांबलेले आपल्याला कळू नये म्हणून भिंतीवरचं काहीतरी वाचत राहतात. धक्क्यावर घाई झाली तर ते पाऊल उचलतील, नाही म्हणणार नाहीत. मला त्याची भीती वाटते.

आणखी एक. 2012 साली ते कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज चिवितावेक्कियाहून निघालं आणि त्याच रात्री खडकाला लागलं. तिथे चढलेल्यांची सुरक्षा कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. आता ती जहाज सुटायच्या आधीच घेतात. आपण धापा टाकत पोचलो तर कवायतीत कुणाचं लक्ष असणार? मुलांना संकटात जमायची त्यांची जागा नीट दाखवायला हवी.

तर माझं म्हणणं असं. आमची बाल्कनी काढून टाक. तू स्वतः मुलांना घेऊन बिनखिडकीच्या केबिनमध्ये राहणार आणि आम्हाला बाल्कनी, हे मला तक्ता वाचताना कळलं, तू बोलली नव्हतीस. बाबांना समुद्र दिसावा म्हणून केलंस ना? वाचून जीव भरून आला. पण वर डेकवर खुर्च्या आहेत, तिथून समुद्र चारही बाजूंनी दिसतो, वेगळे पैसे नाहीत. आम्हालाही आतलीच केबिन घे, खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर. तिथे हेलकावे सगळ्यात कमी बसतात. जो फरक उरेल त्यात आदल्या रात्रीच्या दोन खोल्या बसाव्यात. हिशेब तूच कर, मला तुझ्याइतका येत नाही.

शेवटचा हप्ता भरायच्या आधी केबिन बदलता येते का, ते कंपनीला विचार. भाडं मधे उतरलं असेल तर तेही कमी करून माग. बाबांना विचारू नकोस. ते तुझ्यासमोर बाल्कनीच हवी म्हणतील, आणि मग तू तीच ठेवशील. रविवारी फोन कर, मी उचलेन.

मुलांना आणि समीररावांना आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. बंदरावर दिलेल्या बॅगा केबिनमध्ये उशिरा येतात म्हणे. बाबांच्या गोळ्या माझ्या हातातल्या पिशवीत असतील. अन्वीचा पोहण्याचा पोशाखही वरच ठेव, नाहीतर पहिली संध्याकाळ ती रडून काढेल.