परकीय आदरातिथ्याच्या परवानग्या जाहीर करा : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

मार्च 2023 मध्ये ट्रायलॅटरल कमिशनची वार्षिक बैठक नवी दिल्लीत झाली. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया-पॅसिफिक या तीन प्रदेशांतील उद्योगपती, बँकर, प्राध्यापक, माजी मंत्री आणि लोकप्रतिनिधी ज्या खासगी संस्थेचे सदस्य असतात, ती संस्था आपल्या राजधानीत भरली. पण तिची रचना काय आणि तिच्याशी आपल्या सार्वजनिक जीवनातील माणसांचा संबंध कोणत्या नात्याने येतो, याची चर्चा मराठी वाचकाच्या कानावर फारशी आली नाही. या प्रश्नाचा एक भाग, म्हणजे परकीय आदरातिथ्य (परदेशी यजमानाच्या खर्चाने होणारा प्रवास आणि पाहुणचार) स्वीकारण्याची परवानगी, थेट आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

अशा गटांभोवती गुप्त जागतिक सरकारच्या ज्या कथा पसरल्या आहेत, त्यांवर माझा विश्वास नाही. त्या कथांनी एक नुकसान मात्र नक्की केले आहे. सदस्यांची निवड कोण करते, खर्च कोण उचलते, पदावरची व्यक्ती तिथे कोण म्हणून बसते, असे साधे प्रश्न विचारणाराही त्यांच्यामुळे संशयखोर ठरतो आणि उत्तर देण्याची जबाबदारी असलेल्यांची सुटका होते.

युरोप आणि उत्तर अमेरिकेतील वजनदार व्यक्तींची खासगी बैठक भरवणाऱ्या बिल्डरबर्ग या गटाचे उदाहरण घ्या. मे 1954 मध्ये नेदरलँड्समधील ओस्टरबेक येथील बिल्डरबर्ग हॉटेलात पहिली बैठक झाली आणि हॉटेलचेच नाव गटाला चिकटले. या गटाला सर्वसाधारण सदस्यत्वच नाही. चार वर्षांसाठी निवडली जाणारी एक सुकाणू समिती आहे आणि तिचे सदस्य पुन्हा निवडले जाऊ शकतात. बाकी सगळे त्या त्या वर्षाचे निमंत्रित. ते साधारण 130 असतात, त्यांपैकी दोन तृतीयांश युरोपातले आणि उरलेले उत्तर अमेरिकेतले. सुमारे एक चतुर्थांश लोक राजकारण आणि शासनातून येतात. छोट्या सचिवालयाचा खर्च खासगी वर्गणीतून भागतो आणि बैठकीच्या पाहुणचाराची जबाबदारी यजमान देशातील समिती सदस्यांवर असते. ठराव होत नाहीत, मतदान होत नाही, निवेदन निघत नाही. निमंत्रितांची नावे आणि विषयांची यादी आता जाहीर होते, एवढाच बाहेरच्यांसाठीचा झरोका. ज्या व्यवस्थेत निमंत्रण हेच प्रवेशपत्र असते, तिथे यादी करणाऱ्या मोजक्या माणसांच्या हाती किती वजन एकवटते, हे वेगळे सांगायला नको.

ट्रायलॅटरल कमिशनची घडण निराळी आहे. अमेरिकी बँकर डेव्हिड रॉकफेलर यांच्या पुढाकाराने 1973 मध्ये ते स्थापन झाले, तेव्हा त्यात उत्तर अमेरिका, पश्चिम युरोप आणि जपान होते. 2000 साली जपानचा गट विस्तारून आशियातील इतर देशांना वाट मिळाली आणि पुढे भारतातील व्यक्तीही आल्या. प्रत्येक प्रादेशिक गटाला स्वतःचा अध्यक्ष असतो आणि सदस्यांची नावे जाहीर असतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सरकारमध्ये कार्यकारी पद स्वीकारणाऱ्याला सदस्यत्व सोडावे लागते. एखाद्या खासगी संस्थेने सार्वजनिक पदाचा एवढा मान राखावा, हे मला मनापासून कौतुकास्पद वाटते.

तरीही हा नियम पुरेसा नाही, हे अमेरिकेत लवकरच दिसले. 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर कमिशनचे सदस्य होते. त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मोंडेल, परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स, संरक्षणमंत्री हॅरल्ड ब्राउन आणि अर्थमंत्री मायकेल ब्लुमेंथल हेही त्याच वर्तुळातले. कमिशनचे पहिले संचालक झ्बिग्निएव्ह ब्रेझिन्स्की राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. यात बेकायदेशीर काहीच नव्हते. परंतु सदस्यत्वाचा राजीनामा देता येतो, चार वर्षांच्या ओळखी आणि एकत्र घडलेले विचार यांचा राजीनामा देता येत नाही, आणि म्हणूनच कोण कुठे बसत होते याची नोंद नागरिकांसमोर असणे आवश्यक ठरते.

अशा बैठकांत चॅटहॅम हाउस या ब्रिटिश अभ्याससंस्थेचा नियम पाळला जातो. 1927 मध्ये लंडनमध्ये रूढ झालेल्या या नियमाचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. तिथे ऐकलेली माहिती वापरू नये, असे तो म्हणत नाही. ती कोणाच्या तोंडून ऐकली किंवा तिथे आणखी कोण होते हे सांगू नये, एवढेच तो म्हणतो. म्हणजे एखाद्या मंत्र्याने मोकळेपणाने मांडलेला अंदाज ऐकून शेजारी बसलेला बँकप्रमुख आपल्या व्यवहाराचा विचार करू शकतो, आणि त्या मंत्र्याला निवडून देणाऱ्या मतदाराला मात्र काय बोलले गेले हे कधीच कळत नाही. मोकळ्या चर्चेची गरज मला मान्य आहे. ही विषमता मान्य नाही.

आता आपल्या कायद्याकडे येतो. परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, 2010 च्या कलम 6 नुसार विधिमंडळ आणि संसदेचे सदस्य, राजकीय पक्षांचे पदाधिकारी, न्यायाधीश आणि सरकारी सेवक यांना परदेशात असताना परकीय आदरातिथ्य स्वीकारण्यापूर्वी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी आपले मंत्रालय देते, तेव्हा कोणाला, कोणत्या संस्थेसाठी आणि किती दिवसांची परवानगी मिळाली याच्या नोंदी आपल्या दप्तरी असणारच. मंत्री आणि सहसचिव व त्यावरील अधिकारी यांच्या सरकारी दौऱ्यांची माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याचे निर्देश 2012 मध्येच निघाले आहेत. खासगी निमंत्रणावरचा प्रवास मात्र त्या चौकटीबाहेर राहतो. शिवाय कलम 6 परदेशातील मुक्कामापुरते आहे, त्यामुळे परकीय संस्थेची बैठक दिल्लीतच भरली तर ते लागूच होत नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. कलम 6 खालील परवानग्या दर तिमाहीला व्यक्तीचे नाव, निमंत्रक संस्था, तारखा आणि खर्च उचलणारा यांसह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध कराव्यात. भारतात भरणाऱ्या अशा बैठकांना पदावरील व्यक्ती उपस्थित राहिल्यास तिनेही तेवढीच माहिती द्यावी. आणि कार्यकारी पद स्वीकारताना अशा गटाचे सदस्यत्व सोडण्याची जी अट ट्रायलॅटरल कमिशनने स्वतःवर घालून घेतली आहे, ती मंत्र्यांच्या आचारसंहितेत समाविष्ट करण्याचा प्रस्ताव आपण मंत्रिमंडळासमोर मांडावा. चर्चेत कोण काय बोलले, हे मी मागत नाही.

आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहीन आणि ते आल्यावर याच वाचकांसमोर ठेवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक मतदार