दुर्बिणीचा नवा उजेड आणि पहाटेची एसटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करणाऱ्या नव्या यंत्रांच्या जाहिराती हल्ली वरचेवर दिसतात. ‘एचडी’ (स्वच्छ चित्र), ‘एनबीआय’ (आतला उजेड बदलण्याची सोय), ‘एआय’ (संगणकाची नजर) ही अक्षरं ठळक टायपात असतात. मी ३१ वर्षं एसटीत वाहक होतो, डॉक्टरकीशी माझा संबंध नाही. पण ही तपासणी माझी १४ महिन्यांत दोनदा झाली आणि धाकटी मुलगी छत्रपती संभाजीनगरला एका दवाखान्यात याच विभागात स्टाफ नर्स आहे. म्हणून हे पत्र.

शौचातून रक्त जायचं. डेपोत सगळ्यांनी मूळव्याध ठरवून टाकली होती. वाहकाला ती असायचीच, पेन्शनसारखी. तरी डॉक्टरांनी तपासणी सांगितली. तारीख मिळाली, वेळ सकाळी अकराची. चिठ्ठीवर लिहिलेलं : जुलाबाची पावडर पाण्यात कालवून अर्धी रात्री, उरलेली पहाटे पाचला. आता पहाटे पाचला मी केजच्या स्टँडवर उभा असणार. ती पावडर पिऊन संभाजीनगरच्या साडेचार तासांच्या गाडीत कोण बसेल? मांजरसुंब्याच्या घाटात ‘मास्तर, गाडी थांबवा’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे मी जन्मभर पाहिलेत. मी सगळी पावडर रात्रीच संपवली. दवाखान्यात विचारलं, ‘औषध घेतलं का?’ घेतलं म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. रिपोर्ट आला : सर्व व्यवस्थित.

रक्त काही थांबलं नाही. दुसऱ्या वेळी मुलीकडे मुक्कामाला गेलो. तिने दोन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, पेरू आणि कारळाची चटणी बंद केली. ‘बाबा, कारळं पडद्यावर मोजता येतात,’ म्हणाली. पहाटे चारला उठवून उरलेली पावडर पाजली. शौचाला नुसतं पिवळसर नितळ पाणी यायला लागलं, तेव्हा कुठे तिची मान हलली.

झोपेचं इंजेक्शन मी नको म्हटलं. पडदा पाहायचा होता. दुर्बीण उजवीकडे आतड्याच्या टोकापर्यंत गेली आणि डॉक्टर ती सावकाश मागे घेऊ लागले. थोडं मागे येताच ते थांबले. दुर्बिणीच्या मुठीवरचं एक बटण दाबलं. गुलाबी भिंत एकदम फिकट हिरवट झाली आणि तिच्यावर तुरीच्या डाळीहून जरा मोठा, चपटा, तपकिरी डाग दिसला. पुन्हा बटण दाबून पांढरा उजेड केला, तर डाग कुठे होता ते मला सापडेना! तारेचा फास टाकून त्यांनी तो तिथेच काढला. आठ मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर आलेली गाठ. तपासणीत ‘अ‍ॅडिनोमा’ निघाला, म्हणजे कर्करोग नव्हे, पण राहू दिला तर काही वर्षांनी त्याचा कर्करोग होऊ शकतो अशातली गाठ. रक्त मात्र मूळव्याधीचंच होतं. डेपोवाले बरोबर ठरले.

ते बटण म्हणजेच एनबीआय. मुलीने समजावलं ते असं. साध्या पांढऱ्या उजेडातून गाळून फक्त निळ्या आणि हिरव्या रंगाचे दोन पट्टे, ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचे, आत सोडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमका हाच उजेड शोषून घेतं, त्यामुळे वरवरच्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. अशा गाठीत त्यांचं जाळं दाट असतं, म्हणून ती नजरेत भरते. रंग टोचायचा नाही, काही शिंपडायचं नाही. शिंपडण्याचीही रीत आहे, इंडिगो कार्माइन नावाचा निळा रंग वापरून, पण तिला वेळ फार जातो.

आता जाहिरातीत न येणारी गोष्ट. आतडं नीट साफ नसेल तर या उजेडात उरलेला मळ आणि पित्त लालभडक, रक्तासारखं दिसतं आणि सगळं चित्र काळवंडतं. सगळी पावडर आदल्या रात्री घेतली की उजव्या बाजूला हाच थर सकाळपर्यंत पुन्हा जमतो. माझी गाठ उजवीकडेच होती. १४ महिन्यांपूर्वी ती तिथे होती का, हे आता कुणीच छातीठोक सांगणार नाही. पण अशा गाठी वाढायला वर्षं घेतात म्हणे. मुलीने दाखवलेला २०१९चा अभ्यास वाचला : ११ चाचण्यांमधल्या साडेचार हजारांच्या आसपास रुग्णांत साध्या उजेडात ४२.३ टक्क्यांना, तर एनबीआयमध्ये ४५.२ टक्क्यांना अशी गाठ सापडली. फरक आहे, पण थोडा. आतडं सगळ्यात स्वच्छ होतं तिथे तो जास्त दिसला.

वेळेचंही तसंच. घड्याळ बघायची माझी सवय जात नाही. दुसऱ्या वेळी दुर्बीण टोकापासून बाहेर यायला, गाठ काढायचा वेळ सोडून, नऊ मिनिटं लागली. पहिल्या वेळी मी झोपेत होतो, त्यामुळे माहीत नाही, आणि रिपोर्टमध्येही लिहिलेलं नाही. २००६ साली अमेरिकेत १२ डॉक्टरांच्या तपासण्या मोजल्या होत्या. सरासरी सहा मिनिटं किंवा जास्त वेळ घेणाऱ्यांना २८.३ टक्के रुग्णांत गाठी सापडल्या, घाई करणाऱ्यांना ११.८ टक्क्यांत. यंत्र तेच. पडद्यावर गाठीभोवती चौकोन काढून दाखवणारं एआयसुद्धा कॅमेऱ्यासमोर आलेलंच दाखवणार. आतड्याच्या घडीमागचं आणि मळाखालचं त्याला कुठून दिसावं?

पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे त्या दिवशी बाहेर बाकावर बसलेले मीच सोळा मोजले होते. पण एक मागणी आहे. रिपोर्टवर दुर्बीण टोकाला पोचल्याचा फोटो, साफसफाईला नऊपैकी किती गुण (बोस्टन नावाची अशी मोजणी आहे), बाहेर यायला किती मिनिटं आणि कोणता उजेड वापरला, एवढं छापावं. माझ्या पहिल्या कागदावर ‘सफाई अपुरी, पुन्हा या’ असं असतं तर मी पुढच्याच महिन्यात गेलो असतो. तिकिटावर टप्पा आणि पैसे छापतो तितकं हे सोपं आहे.

दुसरी मागणी महत्त्वाची, आणि तिला महागडं यंत्र लागत नाही. बीड, धाराशिव, हिंगोली, परभणीहून तपासणीला येणाऱ्या माणसाला आदल्या संध्याकाळी येऊन राहता येईल अशी जागा दवाखान्याने द्यावी. दुपारची वेळ देऊन जवळच्या जालन्याचं भागेल, लांबच्या केजचं नाही. शिवाय घरी थांबून पावडर घ्यायची म्हटलं, तर टँकरवर असलेल्या गावात पहाटे आठ-दहा वेळा संडासला जायला पाणी कुठलं आणायचं? बायाबापड्यांचे तर अंधारात आणखी हाल. मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकाला झोपायला एक खोली मिळते. दहा खाटा, चार संडास, पाण्याची टाकी आणि पहाटे चारला उठवणारं एक माणूस. माझ्या वेळी ते माणूस घरचंच होतं.

आपला,
एक निवृत्त वाहक,
केज (जि. बीड)