गनिमी कावा आणि पत्त्यांचे टेबल

मा. संपादक,
स. न.

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून गोव्याला निघणाऱ्या तरुणांना हल्ली ‘गनिमी काव्याने कॅसिनोत जिंका’ असले धडे मोबाइलवर मिळतात. आम्हाला त्याची काळजी वाटते. कावा खोटा नाही, पण तो नको तिथे वापरायला सांगतात.

गनिमी कावा साधला तो सह्याद्रीच्या जोरावर. खिंडी ओळखीच्या, लढायचे कधी आणि निसटायचे कधी हे आपल्या हाती. कॅसिनोत पत्ते, टेबल, पैजेची मर्यादा सगळे त्यांचे. हरलात की रक्कम दुप्पट करा, असे सांगतात. शंभरापासून सुरुवात करून सलग सात डाव गेले की 12,700 रुपये संपले. आठवी पैज 12,800 ची. टेबलाची मर्यादा 10,000 असेल तर ती लावताच येत नाही. रसद तिथेच तुटते.

बॅकरा या पत्त्यांच्या खेळात पैज लावल्यावर खेळाडूने ठरवायचे काही उरतच नाही, तिसरा पत्तासुद्धा नियमाने निघतो. मग डावपेच कसले?

ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे एकवीस न ओलांडता डीलरपेक्षा त्याच्या जवळ जाण्याच्या खेळात, मात्र माघारीला किंमत आहे. हातात दश्शी नि छक्की, डीलरचा राजा उघडा. ‘सरेंडर’ची, म्हणजे अर्धी पैज देऊन डाव सोडण्याची, सोय असेल तर रुपयामागे पन्नास पैसे देऊन सुटता येते, पत्ता मागितला तर रुपयामागे सरासरी 54 पैसे जातात. तरी बहुतेक जण ईर्षेने पत्ता मागतात. डीलरचा एक्का दिसला की ‘इन्शुरन्स’, म्हणजे त्याचा झाकलेला पत्ता दहाचा निघेल अशी जादा पैज, घेऊ नये. त्यात एकाला दोन मिळतात, म्हणजे तोटा टाळायला तीन पत्त्यांत एक दहाचा हवा. कॅटमध्ये तेरांत चारच असतात (दश्शी, गुलाम, राणी, राजा). आणि ब्लॅकजॅकवर (एक्का नि दहाचा पत्ता पहिल्या दोनांतच आल्यावर) दोनाला तीनऐवजी पाचाला सहा देणाऱ्या टेबलावर बसूच नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या राजनीतीच्या सहा गुणांपैकी ‘आसन’ म्हणजे हेच, न लढता थांबणे.

त्याच अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष, म्हणजे जुगारावरचा अधिकारीही आहे. तो जुगार एका जागी आणतो, फासे पुरवतो आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतो. बॅकरात ‘बँकर’ या बाजूवर लावलेली पैज जिंकल्यास कापतात तेही बहुधा शेकडा पाचच. कौटिल्याचे नाव घेऊन खेळायला बसणाऱ्याला हे प्रकरण कोणी सांगत नाही.

अशा युक्त्यांवर मजकूर छापताना त्या खेळात घराचा (कॅसिनोचा) वाटा शेकडा किती, हा आकडा शेजारी द्यावा, ही विनंती.

— गणिताचे दोन शिक्षक, धरमपेठ, नागपूर