सळईवरच्या ज्वाळा देणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

स.न.वि.वि.

हनुमान जयंतीच्या बॅनरवर पेटत्या शेपटीचा मारुती करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. लोखंडी सळईला चिंध्या गुंडाळून, ती पेटवून तुम्ही काढलेले ज्वाळांचे फोटो आणि सोबतचा टिपणांचा कागद कोणालाही वापरायला खुला केलात. 'धन्यवाद' एवढ्या एका शब्दाने हे भागत नाही. म्हणून त्यातलं काय, कुठे आणि का उपयोगी पडलं ते तपशिलाने लिहितो आहोत.

सर्वात मोलाचा तुमचा सळईचा कोन. शेपटी कशीही वळलेली असो, आग वरच जाते. तयार मिळणाऱ्या ज्वाळा बहुतेक उभ्या पेटलेल्या वस्तूंच्या असतात. त्या शेपटीच्या वळणाप्रमाणे फिरवल्या की कमानीच्या एका बाजूच्या ज्वाळा आडव्या धावतात आणि दुसऱ्या बाजूच्या जमिनीकडे तोंड करतात. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं. फोटोशॉपच्या ज्वाळा काढणाऱ्या फिल्टरमध्ये पाथवरून (आखलेल्या रेघेवरून) एकच ज्वाळा नेणारा पर्याय घेतला तर ज्वाळाच शेपटीसारखी वळते. एकाच दिशेच्या अनेक ज्वाळांचा पर्याय त्यापेक्षा बरा, पण त्यात सगळ्या जिभा एकमेकींच्या बहिणी दिसतात.

तुम्ही सळई आडवी, ३०, ४५ आणि ६० अंशांत तिरकी, आणि उभी, अशी प्रत्येक वेळी वेगळी पेटवलीत. त्यामुळे प्रत्येक कोनात आग कशी वागते ते समोर आलं. आडव्या सळईवर ती खालून दोन्ही अंगांनी वेढा घालते आणि वर एकत्र येते. खालची कड पातळ, जवळजवळ काळी राहते. उभ्या सळईवर खालची ज्वाळा वरच्या ज्वाळेत मिसळत जाते, म्हणून टोकाशी आग सर्वात जाड. आता आम्ही शेपटीचे सात-आठ तुकडे पाडतो, रुलर टूलने (मोजपट्टीने) प्रत्येकाचा कोन मोजतो आणि त्याच्या सर्वात जवळचा फोटो उचलतो. तो ८ ते १० अंशांपलीकडे फिरवायचा नाही, नाहीतर ज्वाळा कलते. शेजारचे तुकडे साधारण पाचव्या हिश्शाने एकमेकांवर चढवायचे, सांधा मऊ ब्रशच्या मास्कने (चित्राचा भाग झाकणाऱ्या पडद्याने) पुसायचा आणि आडव्या-उभ्या सळईच्या फोटोंत एकाआड एक तुकडा आरशासारखा उलटा करायचा (तिरक्याचा उतारच उलटतो), म्हणजे तीच जीभ दोनदा ओळखू येत नाही. मारुती उड्डाणात असेल तेव्हा मात्र ज्वाळा मागे ओढल्या जायला हव्यात. तेव्हा वॉर्पमध्ये (चित्र ताणून वाकवायच्या सोयीत) खालची कड शेपटीला चिकटलेली ठेवून फक्त वरचे कोपरे मागे खेचायचे. सबंध ज्वाळा फिरवली तर ती शेपटीपासून सुटते.

दुसरी गोष्ट आकाराची. मेणबत्तीची किंवा निरांजनाची ज्योत मोठी करून माणसाच्या आकृतीला लावली की माणूस बाहुलीएवढा दिसतो. लहान ज्योत गुळगुळीत असते, मोठी आग फाटते, तिच्या जिभा तुटून वर सुटतात. मोठं केल्याने गुळगुळीतपणा जात नाही. तुमची सळई मारुती झालेल्या नटाच्या शेपटीइतक्याच जाडीची असल्यामुळे ज्वाळा फारशा लहान-मोठ्या कराव्याच लागत नाहीत. हा विचार फोटो काढण्याआधी केलात, यासाठी वेगळे आभार.

फोटो कसे काढले हेही तुम्ही लपवलं नाहीत. काळं मखमली कापड सळईमागे निदान दोन मीटरवर, म्हणजे आगीचा उजेड त्यावर पडत नाही. शटर १/१००० सेकंद, कारण १/६० ला ज्वाळा रेशमासारखी पसरते आणि जिभांच्या कडा हरवतात. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचा रंगांचा तोल) ५५०० केल्व्हिनवर बांधलेला; ऑटोवर ठेवला तर कॅमेरा केशरी रंग धुऊन टाकतो. एक्सपोजर दोन स्टॉप कमी (चौथाई उजेड), म्हणजे गाभा पांढराफटक होत नाही. कॅमेरा उभा, कारण ज्वाळेला वर जागा लागते. चिंध्यांना रॉकेल, स्पिरिटची ज्वाळा निळसर आणि फिकी, काजळीशिवाय तो पिवळा झोत येत नाही. शेजारी वाळूची बादली आणि ओलं गोणपाट, पंखा बंद. कागदावर वाळू-गोणपाटाची ओळ सगळ्यात वर होती, तिथेच ती हवी.

चित्रात बसवताना स्क्रीन मोड (काळं गाळून फक्त उजेड मिसळणारा) लावतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आधीची पायरी चुकते. फोटोतलं काळं खरंखुरं शून्य नसतं, म्हणून स्क्रीन लावल्यावर ज्वाळेभोवती फिकट चौकोन दिसतो. लेव्हल्समध्ये (काळं-पांढरं कुठे सुरू होतं ते ठरवायच्या ० ते २५५ च्या पट्टीत) काळा बिंदू १२ ते २० वर आणला की तो जातो. त्यापुढे ओढला तर ज्वाळेची धुरकट केशरी कड मरते. स्क्रीन उजेड वाढवतो, कमी करत नाही, म्हणून मागे निळं-पांढरं आकाश असेल तर आग नाहीशीच होते. पार्श्वभूमी आधी कर्व्ह्जने (उजेड आणि रंग वर-खाली ओढायच्या रेषेने) अंधारवायची, संध्याकाळच्या गडद निळ्यापर्यंत. आणि सगळ्या ज्वाळा शेपटीच्या पुढे ठेवायच्या नाहीत. निम्म्याहून जास्त मागे, थोड्या पुढे, मधून जळकं कापड काळं दिसू द्यायचं. सगळ्या पुढे घातल्या तर शेपटीला आग लागलेली नाही, आगीचं चित्र तिच्यावर डकवलेलं वाटतं.

आता ज्या एका वाक्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहितो आहोत ते. कागदाच्या तळाशी तुम्ही लिहिलं होतंत: 'आग लावण्याआधी मारुतीचा उजेड बदला.' फ्लेक्सवरचा बहुतेक पेटता मारुती इथेच फसतो. नटाचा फोटो दिवसाउजेडी, समोरून, सपाट उजेडात काढलेला असतो आणि शेपटी डोक्यामागे भडकलेली. मग तोंड भर दुपारचं आणि पाठ लंकेतली.

आम्ही आता असं करतो. कापून घेतलेल्या आकृतीवर पहिला कर्व्ह्ज लेयर (थर), मध्य खाली ओढून, निळ्याकडे किंचित झुकवून, म्हणजे आकृती संध्याकाळच्या सावलीत जाते. दुसरा कर्व्ह्ज लेयर उजळ आणि केशरी: लाल भरपूर वर, हिरवा थोडा, निळा खाली. त्याचा मास्क पूर्ण काळा करून पांढऱ्या मऊ ब्रशने, फ्लो (ब्रशमधून उतरणारा रंग) ५ ते १० टक्के ठेवून, जिथे आगीचा उजेड पोचेल तिथेच उघडत जायचं. वर केशरी रंग सरळ फासला तर कातडीचा पोत बुजतो आणि नट शेंदूर माखल्यासारखा सपाट होतो. कर्व्ह्जमध्ये पोत टिकतो.

कुठे उघडायचं ते शेपटी सांगते. ती डोक्यावरून वळून आली असेल तर मुकुटाचा माथा, दोन्ही खांदे, कानाची मागची कड, दंडाचा वरचा भाग. चेहरा सावलीतच राहू द्यायचा, फक्त गालाच्या कडेला बारीक रेघ. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो: मुकुटापासून आग एक फुटावर आणि पाय चार फुटांवर असतील तर पायांवर सोळावा हिस्सा उरतो. म्हणून पावलांना केशरी लावायचा मोह टाळायचा. गदा पितळी असेल तर तिच्यावर पसरट उजेड नको, ज्वाळेचं छोटं, टोकदार, वाकडं प्रतिबिंब हवं. धातू आरशासारखा वागतो, कातडी नाही. डोळ्यांत दुपारच्या आकाशाचे पांढरे ठिपके असतील तर तेही मालवायचे. सबंध बॅनरमध्ये इतका छोटा बदल इतका फरक पाडतो, असा दुसरा आम्हाला सापडलेला नाही.

उरलेलं थोडक्यात. ज्वाळेवरच्या हवेची थरथर डिस्प्लेस फिल्टरने येते. काय किती सरकवायचं ते सांगणारं करडं चित्र, म्हणजे त्याचा नकाशा, पीएसडीमध्ये (फोटोशॉपच्या फाइलमध्ये) जतन केलेला हवा आणि १२८ चा, म्हणजे मधला करडा असेल तिथे जागचं हलत नाही. नकाशाला ढगांचा साधा करडा पोत वापरला तर सगळं तिरकं सरकतं, म्हणून लाल आणि हिरव्या चॅनेलमध्ये वेगवेगळे ढग घालायचे. ठिणग्या मोजक्या, जवळच्या धूसर, लांबच्या बारीक. काळा धूर स्क्रीनवर दिसणारच नाही, त्याला मल्टिप्लाय (गडद करणारा मोड).

छपाईबद्दलचा तुमचा इशाराही खरा ठरतो. काम आरजीबीमध्ये (पडद्याच्या रंगांत) पूर्ण करून, लेयर एकत्र करून मगच सीएमवायके (छपाईच्या शाया). आधी बदललं तर स्क्रीनचा हिशेबच वेगळा होतो आणि आग मळकट येते. मग ज्वाळेतला सायन (निळसर शाई) तपासायचा. केशरीत तो शून्याजवळ हवा, दहा टक्क्यांच्या वर गेला की विटकरी छटा चढते. फ्लेक्सवर दोन-तीन पिक्सेलच्या ठिणग्या उतरत नाहीत, त्या थोड्या मोठ्याच काढायच्या.

दादा, आणखी एक. तुमच्या फोटोंमुळे शेपटी खरोखर पेटवून फोटो काढायचा आग्रह कोणी धरला तर त्याला दाखवायला आता काहीतरी आहे. नट मोकळ्या मैदानात गार शेपटी घेऊन उभा राहतो, आग तुमच्या सळईवरची असते. यंदा उभ्या शेपटीच्या टोकाशी गाठ मारलेली असेल तर ती कशी पेटते याचे फोटो आम्हाला हवे आहेत. सळईला गाठ बांधून तुम्ही ते काढणार असाल तर वाळूच्या बादल्या धरायला आम्ही येतो.

आपले कृतज्ञ,
बॅनरवरचा मारुती करणारे आम्ही सारे